माळा तापला की आढ्याकडे नको, आधी वळचणीकडे बघा

रात्री नऊच्या सुमारास, ऊन जाऊन दोन-अडीच तास झाल्यावर, उतरत्या छपराच्या घरात वरच्या मजल्यावर जा आणि स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावून बघा. बाहेर वारा सुटलेला असतो, खिडक्या उघड्या असतात, पंखा गरगरत असतो, आणि तरी हाताला छत कोमट लागतं, कधी कधी चक्क गरम. खोलीतली हवा तापली आहे असं आपण म्हणतो. ती बिचारी केव्हाच बदललेली असते. तापलेलं असतं ते डोक्यावरचं छत, आणि त्याच्याही वर, छत आणि छप्पर यांच्यामध्ये कोंडलेला माळा.

दुपारी बाहेर सावलीत ३५ अंश सेल्सिअस असेल, तर गडद रंगाचं छप्पर उन्हात ७० अंशांपर्यंत सहज तापतं. त्याखालच्या बंद माळ्यातली हवा ५५ ते ६० अंशांवर जाते. म्हणजे आपण आपल्या झोपायच्या खोलीवर रोज दुपारी एक मंद भट्टी पेटवतो आणि मग रात्रभर पंख्याला दोष देतो.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय एकच: वरून गरम हवा काढून टाका. गरम हवा वर जाते हे शाळेतच शिकलेलं असतं, तेव्हा छपराच्या माथ्याला भोक पाडायचं आणि तिथे वाऱ्यावर फिरणारा भोपळ्यासारखा पंखा किंवा विजेवरचा एक्झॉस्ट बसवायचा. तो दिमाखात फिरतो, लांबून दिसतो, आणि खालच्या खोलीत फरक मात्र जेमतेम पडतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडून तो उपडा करा. तेल भक्-भक् करत, अडखळत बाहेर येतं. विरुद्ध कोपऱ्यात खिळ्याने दुसरं छोटंसं भोक पाडलं की सुरेख धार लागते. तेल तेच, डबा तोच. फक्त बाहेर गेलेल्या तेलाच्या जागी हवेला आत यायला वाट मिळाली. माळ्याचंही अगदी असंच आहे. बाहेर जायचं भोक कितीही मोठं करा, जितकी हवा आत येईल तितकीच बाहेर जाईल. आत यायची वाट नेमकी तिथे असते जिथे कोणी बघत नाही: वळचणीखाली, छपराचा भिंतीबाहेर आलेला जो भाग असतो त्याच्या पोटाला. मला विचाराल तर माळ्याच्या वायुवीजनाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती हीच.

आता हे चालतं कसं ते बघू. ३५ अंशांची एक घनमीटर हवा साधारण १.१५ किलो भरते, ६० अंशांची १.०६ किलो. फरक जेमतेम ९० ग्रॅमचा. हलकी हवा आढ्याखाली, म्हणजे छपराच्या माथ्याखाली, साचते, बाहेरची जड हवा वळचणीतून आत शिरून तिला वर ढकलते. धुराड्यातून धूर वर चढतो तो याच जोरावर. वळचण आणि आढं यांच्या उंचीत २ मीटरचं अंतर असेल तर हा जोर किती? सुमारे १.७ पास्कल. पाण्याचा पाव मिलिमीटर जाडीचा थर आपल्या तळावर जेवढा दाब देईल, त्याहूनही कमी. एवढ्याशा जोरावर सगळा कारभार चालायचा असल्यामुळे वाटेतला प्रत्येक अडथळा महाग पडतो. धुळीने बुजलेली जाळी, रंगाऱ्याने हात साफ करता करता रंगवून टाकलेल्या झडपा, कोपऱ्यात कोंबलेली जुनी गादी, यांपैकी काहीही हा १.७ पास्कलचा डाव मोडायला पुरेसं आहे.

उंचीतला फरक जितका जास्त तितका हा जोर जास्त, म्हणूनच आत यायची वाट शक्य तेवढी खाली आणि बाहेर जायची वाट शक्य तेवढी वर हवी. दोन्ही वाटा एकाच उंचीवर असल्या, उदाहरणार्थ दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर दोन झरोके, तर वारा योग्य दिशेने वाहील तेव्हाच काम होतं. वारा पडला की आढ्याखालची गरम हवा जागची हलत नाही. अनेक जुन्या घरांना असे झरोके असतात आणि ते अगदीच निरुपयोगी नसतात, पण नेमकी ज्या दुपारी पानही हलत नाही त्या दुपारी ते सुट्टीवर असतात.

वाऱ्याचा वाटा खरं तर मोठा आहे. ज्या बाजूने वारा आदळतो त्या भिंतीवर दाब वाढतो आणि हवा वळचणीतून आत रेटली जाते. आढ्यावरून वारा सरकताना तिथे दाब कमी होतो आणि आतली हवा ओढली जाते. म्हणजे वळचणीतून आत आणि आढ्यातून बाहेर ही रचना वाऱ्यालाही सोयीची आणि उष्णतेलाही. आढ्यावरच्या सलग फटीला दोन्ही बाजूंनी छोटी उभी पट्टी दिली तर वारा त्या पट्टीवरून उडी मारतो, ओढ वाढते आणि पाऊसही आत कमी येतो.

फट किती मोठी हवी?

प्रचलित नियम असा: माळ्याच्या जमिनीचं जे क्षेत्रफळ असेल त्याच्या १५० व्या भागाइतकी मोकळी जागा. वरच्या आणि खालच्या वाटांत ती जवळपास निम्मी-निम्मी वाटलेली असेल तर ३०० वा भागही चालतो. ३०० ला १ हे प्रमाण अमेरिकेत १९४२ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी गृहसंस्थेच्या किमान बांधकाम नियमांत आलं आणि तिथून इतर नियमांत पसरलं. गंमत अशी की त्यामागची मूळ काळजी उष्णतेची नव्हती, बाष्पाची होती. थंड प्रदेशांत घरातली दमट हवा माळ्यावर जाऊन गार छपराला चिकटते, पाणी धरते आणि लाकूड कुजवते. ते टळावं म्हणून हा आकडा. तेव्हा उन्हाळ्यासाठी तो दगडावरची रेघ समजू नका, सुरुवातीचा अंदाज समजा. जागा असेल तर त्याहून जास्त द्यायला हरकत नाही, फक्त वाढवायचंच तर खालच्या बाजूला वाढवा.

आकड्यांत मांडलं की हे डोळ्यांसमोर येतं. १० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद घर घ्या, ९० चौरस मीटर. ३०० वा भाग म्हणजे ०.३ चौरस मीटर. त्यातला निम्मा वळचणीला, निम्मा आढ्याला. दोन्ही बाजूंची वळचण मिळून २० मीटर, म्हणजे तिथे साडेसात मिलिमीटर रुंदीची सलग फट पुरते. आढं १० मीटर, तिथे १५ मिलिमीटर. ऐकायला अगदीच किरकोळ. पण हे आकडे पूर्ण मोकळ्या फटीचे आहेत. त्यावर बारीक जाळी लावली, पट्ट्यांची झडप बसवली की मोकळी जागा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येते. म्हणून प्रत्यक्षात फट हिशेबाच्या दुप्पट ठेवणं शहाणपणाचं. झडप विकत घेताना बाहेरून मोजलेलं माप बघू नका. तिच्यातून हवेला खरी वाट किती मिळते तो आकडा वेष्टनावर असतो, तो बघा.

जाळी मात्र हवीच. ती नसेल तर महिन्याभरात माळ्यावर पाखरं, वटवाघळं, उंदीर किंवा मधमाश्या यांपैकी कोणी ना कोणी संसार थाटतं. तीन मिलिमीटरच्या आसपासची भोकं हा बरा मध्यममार्ग: हवा जाते, बहुतेक पाहुणे थांबतात. जिथे वणव्यांचा धोका असतो तिथे हीच जाळी उडत्या ठिणग्याही अडवते, त्यामुळे ती प्लॅस्टिकची नको, धातूची हवी.

आणखी एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थांबायलाच हवं. आढ्याला सलग फट आहे, त्रिकोणी भिंतीत झरोके आहेत, आणि तरी माळा तापतो म्हणून वर विजेचा पंखा बसवला जातो. पंखा सुरू झाला की तो हवा ओढतो कुठून? जिथून सगळ्यात सोपं जाईल तिथून, म्हणजे शेजारच्या आढ्याच्या फटीतून. बाहेरची हवा एक हात आत येते, पंख्यातून पुन्हा बाहेर जाते, आणि वळचणीपासूनचा सगळा माळा तसाच तापत राहतो. बाहेर जाण्याच्या वाटांचे प्रकार एकमेकांत मिसळू नयेत ते यासाठी. एक प्रकार निवडा, बाकीची भोकं बंद करा. भोकं बंद केल्याने वायुवीजन सुधारतं हे पटायला जड जातं, पण इथे ते खरं आहे.

विजेच्या पंख्याचा दुसरा धोका याहून गंभीर. तासाला १५०० घनमीटर हवा ओढणाऱ्या पंख्याला पाव चौरस मीटरहून जास्त मोकळी वाट खालून लागते. ती नसेल तर पंखा ऐकत नाही, तो घरातूनच हवा ओढतो. दिव्यांच्या भोकांतून, वायरींच्या छिद्रांतून, माळ्यावर जायच्या झाकणाच्या फटींतून. खाली एसी चालू असेल तर आपण पैसे मोजून गार केलेली हवा माळ्यामार्गे आभाळात सोडतो. आणि घरात धुराड्याच्या नळीवर चालणारा गॅसचा गीझर किंवा शेगडी असेल, तर ही ओढ त्या नळीतला धूरही उलटा घरात खेचू शकते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. म्हणून खालच्या वाटा मोजल्याशिवाय माळ्यावर पंखा बसवू नये, हे माझं मत नाही, आग्रह आहे.

हवेच्या आवाक्याबाहेरचं काम

इथपर्यंत सगळं नीट केलं तर काय मिळतं? प्रामाणिकपणे हिशेब करू. वरच्या उदाहरणातल्या घरात, वारा पूर्ण पडलेला असताना, फक्त गरम हवेच्या जोरावर तासाला सुमारे ४०० घनमीटर हवा बदलते. ती आत येताना ३५ अंश आणि बाहेर जाताना ६० अंश असेल तर तिच्यासोबत साधारण ३ किलोवॅट उष्णता जाते. चांगलं आहे. पण भर दुपारी स्वच्छ उन्हाचा जोर प्रत्येक चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास असतो. ९० चौरस मीटरचं गडद छप्पर त्यातली ७० किलोवॅटच्या वर उष्णता शोषतं. त्यातली बरीचशी बाहेरच्या बाहेर वाऱ्यात आणि आकाशात परत जाते हे खरं, तरीही ७० समोर ३ म्हणजे काय ते सांगायला नको.

हवेचा दोष नाही, तिची पाठच लहान आहे. मोठ्या कपाटाएवढी जागा व्यापणारी एक घनमीटर हवा जेवढी उष्णता वाहून नेते, जवळपास तेवढी पाव लिटर पाणी नेतं. वारा आला की हवेची फेरी वाढते आणि आकडा सुधारतो, पण हवेकडून पाण्याचं काम होणार नाही.

शिवाय उष्णतेचा एक मार्ग असा आहे की त्यात हवेला विचारतच नाहीत. शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गारठलेली राहते, मधली हवा थंडगार असली तरी. तापलेलं छप्पर खालच्या छताला तसंच शेकतं. छपराची खालची बाजू ७० अंश आणि छताची वरची बाजू ४० अंश असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे २०० वॅट नुसत्या प्रारणाने खाली येतात. मधून वारा वाहतोय की नाही याचा या किरणांवर काडीचा परिणाम होत नाही. वायुवीजन छपराची खालची बाजू थोडी गार करतं, तेवढाच त्याचा इथे उपयोग.

या किरणांना अडवतो तो चकचकीत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. लाकूड, सिमेंट किंवा रंगवलेला पत्रा तापला की शक्य असतील त्यातले नव्वद टक्के किरण बाहेर टाकतो. चकचकीत ॲल्युमिनियम पाच टक्क्यांच्या आसपास टाकतं. म्हणजे वरच्या २०० वॅटचे दहा-पंधरा वॅट होतात. अट दोनच. त्याच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा हवी, कारण दुसऱ्या कशाला चिकटला की तो फक्त एक धातू उरतो आणि उष्णता सरळ पुढे ढकलतो. आणि चकाकी टिकायला हवी. म्हणून तो माळ्याच्या जमिनीवर अंथरू नका, वर्षभरात धूळ बसून त्याचं तेज जातं. वाशांच्या खालच्या बाजूला, चकचकीत अंग खाली करून ठोका. धूळ खालून चिकटत नाही. वळचणीशी आणि आढ्याशी थोडी जागा सोडली तर पत्र्यामागे वाशांच्या मधून हवेचा प्रवाहही चालू राहतो. उघड्या वायरींपासून मात्र तो लांब ठेवा, हा धातू वीज वाहून नेतो.

तरीही निवड करायची वेळ आली तर मी सगळ्यात आधी छतावर इन्सुलेशनचा जाड थर टाकेन. का ते बघा. पातळ, नुसतं छत असेल आणि माळा ६० अंश, खोली २८ अंश असेल, तर ढोबळमानाने दर चौरस मीटरला ९० वॅट खाली झिरपतात. त्यावर काचलोकरीचा किंवा खनिज लोकरीचा १५० मिलिमीटरचा थर टाकला की तेच ९ वॅट होतात. आता समजा वायुवीजनाने माळा ६० वरून ५० वर आणला. नुसत्या छताच्या घरात ९० चे ६० होतात, फरक घसघशीत, हाताला कळेल असा. लोकर टाकलेल्या घरात ९ चे ६ होतात, फरक आहे पण पंखा विकत घेण्याइतका नाही. म्हणजे ज्यांचं छत उघडं आहे त्यांना वायुवीजन भरभरून देतं, आणि ज्यांनी छत नीट पांघरलेलं आहे त्यांना त्याची गरज गारव्यापेक्षा ओलावा घालवायला जास्त. एकाच उपायाबद्दल दोन शेजारी अगदी उलट अनुभव सांगतात त्याचं कारण बहुतेकदा इथे सापडतं.

लोकर टाकणारेच नकळत वळचण बुजवतात, हा त्यातला उपरोध. कडेपर्यंत थर नेण्याच्या उत्साहात लोकर वाशांमधून थेट वळचणीच्या फटीत जाऊन बसते. तिथे प्रत्येक दोन वाशांच्या मधे पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची पन्हळीसारखी पट्टी छपराला लागून बसवायची, म्हणजे लोकर आणि छप्पर यांच्यामध्ये निदान २५ मिलिमीटरची वाट मोकळी राहते. लोकर टाकण्याआधी छतातल्या फटीही भरून घ्या, एकदा पांघरूण पडलं की त्या सापडत नाहीत.

छपराचा रंग हा तिसरा उपाय. ताजा पांढरा लेप उन्हातला ८० टक्क्यांपर्यंत भाग परत पाठवतो, काळा जेमतेम ५ ते १० टक्के. पुढे धूळ आणि शेवाळ बसून पांढऱ्याचा प्रभाव उतरतो, पण तरी तो काळ्याच्या पुढेच राहतो. आणि उष्णता आत शिरण्याआधीच परतवणं हे नंतर तिला हाकलत बसण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

नवं छप्पर घालायचं असेल तर आणखी एक सुंदर युक्ती आहे: हवा माळ्यातून न नेता छपराच्या पोटातून नेणं. फळ्यांवर आधी उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या पट्ट्या, आणि त्यांवर कौलं किंवा पत्रा. मधल्या दोन-चार सेंटिमीटरच्या पोकळीत हवा वळचणीतून शिरते आणि आढ्यातून निघून जाते. कौल कितीही तापलं तरी फळीपर्यंत ताप कमीच पोचतो. तंबूवर दुसरं कापड ताणतात त्यामागेही हेच आहे: वरचं कापड ऊन खातं, खालचं सावलीत राहतं. जुन्या लँड रोव्हर गाड्यांना उष्ण प्रदेशांसाठी टपावर दुसरं टप मिळायचं, तेही यासाठीच.

एका परिस्थितीत मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. एसीच्या हवेच्या नळ्या आणि यंत्र माळ्यावरच असतील, किंवा हवा फार दमट असेल आणि माळ्यावर गार पृष्ठभाग असतील, तर बाहेरची हवा आत घेणं तोट्याचं ठरू शकतं: दमट हवा गार नळीला भेटली की पाणी सुटतं. अशा वेळी इन्सुलेशन छताऐवजी थेट छपराच्या खालच्या अंगाला लावतात, सगळ्या फटी बंद करतात आणि माळा घराचाच भाग करून टाकतात. ही रचना नीट झाली तर उत्तम चालते. अर्धवट झाली, म्हणजे वर इन्सुलेशनही लावलं आणि वळचणीही उघड्या ठेवल्या, तर दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात. स्वच्छ रात्री छप्पर आकाशाकडे उष्णता टाकत टाकत भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं आणि पत्र्याच्या खाली दव जमतं. सकाळी माळ्यावर थेंब दिसले म्हणजे छप्पर गळतंच असं नाही. मोकळी हवा ते दिवसा सुकवते, म्हणून थंडीत झडपा बंद करायच्या नसतात. आणि न्हाणीघराच्या पंख्याची नळी माळ्यावर उघडी सोडलेली असेल तर ती छपराबाहेर काढा. माळ्यावर वाफ सोडणं म्हणजे वाशांना रोज अंघोळ घालणं.

तपासायला वर जाल तेव्हा पहाटे जा, दुपारी नको. साठ अंशांत माणूस दहा मिनिटांत गळून जातो. पाय फक्त तुळयांवर ठेवा, मधलं छत वजन पेलत नाही. उजाडलं की दिवा बंद करून वळचणीच्या कोपऱ्यांकडे बघा: जिथून उजेड आत येतो तिथून हवाही येते, जिथे काळोख आहे तिथे लोकर, धूळ किंवा जुनं सामान अडकलं आहे. मग ऊन चढायला लागलं की पातळ कागदाची पट्टी त्या फटीसमोर धरा. ती आतल्या बाजूला झुकली तर वाट चालू आहे. स्थिर लटकत राहिली तर आढ्यावर काही बसवायच्या आधी ती फट साफ करा, आणि आठवड्याने रात्री नऊ वाजता पुन्हा स्टुलावर चढून छताला हात लावा.